पाच रुपये बारा आणे आणि श्रीमंताची लेक

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की जुन्या सिनेमातली, घर सोडून पळालेली श्रीमंताची लेक ही माझी सगळ्यात लाडकी नायिका. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच नको, असं संपादकांनी कळवलं. नवीन वाचकांसाठी सांगते, मी 36 वर्षं बँकेत कॅशियर होते आणि त्याआधी कोल्हापुरातल्या एका टॉकीजच्या डोअरकीपरची मुलगी होते. त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष नायिकेच्या साडीआधी तिच्या पर्सकडे जातं. उत्तरं त्याच नजरेची आहेत.

ताई, आई सत्तरीची आणि मी चाळिशीची. श्रीमंत मुलीच्या प्रेमाचे जुने, हलकेफुलके इंग्रजी सिनेमे दोघींना मिळून बघायचेत. आईला इंग्रजी येत नाही. कुठून सुरुवात करू?
— एक लेक, राजारामपुरी

आधी हिंदी ‘चोरी चोरी’ लावा. 1956चा, राज कपूर आणि नर्गिसचा. शंकर-जयकिशनची गाणी सुरू झाली की आई स्वयंपाकघरातून आपणहून बाहेर येतील. दुसऱ्या रविवारी त्याचं मूळ लावा, फ्रँक कापराचा 1934चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. गोष्ट माहीत झालेली असल्यामुळे भाषा आडवी येत नाही.

गोष्ट अशी. बापाला पसंत नसलेल्या एका विमानवाल्याशी एलीनं परस्पर लग्न लावलंय, म्हणून बापानं तिला बोटीवर कोंडलंय. ती जेवणाचं ताट उडवते, पाण्यात उडी टाकते आणि नवऱ्याकडे जायला मायामीहून न्यूयॉर्कच्या रात्रीच्या बसमध्ये बसते. शेजारी येतो नोकरी गेलेला एक बातमीदार. ती क्लॉडेट कोल्बेर, तो क्लार्क गेबल. दोघांकडे मिळून पैसे इतके थोडे की मुक्कामाला एकच खोली परवडते. गेबल खोलीच्या मधोमध दोरी बांधतो, तिच्यावर घोंगडी टाकतो आणि त्या घोंगडीला बायबलमधल्या जेरिको शहराची भिंत म्हणतो. पलीकडे ती, अलीकडे हा. दिवा मालवल्यावर खिडकीवरचा पाऊस आणि अंधारातलं बोलणं, एवढंच. तेवढ्या एका घोंगडीत जे आहे ते आजच्या शंभर चुंबनांत सापडत नाही, हे मी आजी झाल्यावरही म्हणते.

माझ्या आईला मी हा सिनेमा टीव्हीवर दाखवला तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. अर्धं तिला मी सांगत होते, अर्धं ती मला. पुढे ही दोघं उपाशीपोटी भटकतात. तो तिला कच्चं गाजर देतो, ती नाक मुरडते. थोड्या वेळानं तेच गाजर ती गुपचूप चावायला लागते, तेव्हा आई मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, “घरी ताट लाथाडून आलीया, आता गाजर गोड लागतंय बघ.” बोटीवरच्या ताटापासून गाजरापर्यंतचा धागा कापरानं कसा ओवलाय हे मी दोनदा बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

या सिनेमाला ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं मिळाली. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा. असा डाव पुन्हा जमायला 1975चा ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ उजाडावा लागला. कोल्बेरबाईंना मात्र बक्षिसाची आशाच नव्हती. त्या रात्री त्या न्यूयॉर्कची गाडी धरायला स्टेशनवर गेल्या होत्या, तिथून त्यांना प्रवासाच्या कपड्यांतच समारंभाला आणलं.

आता माझी आवडती जागा. पोरीला शोधून देणाऱ्याला बापानं 10,000 डॉलर लावलेत. शेवटी गेबल बापाच्या दारात उभा राहतो. बापाला वाटतं, आला बक्षीस मागायला. हा मागतो 39 डॉलर 60 सेंट. वाटेत पेट्रोलसाठी कोट विकला, टोपी विकली, बॅग विकली, त्याची यादीच पुढे ठेवतो. एक सेंट कमी नाही, एक जास्त नाही. बाप त्या कागदाकडे बघतो आणि त्याला कळतं की जावई सापडला. काउंटरच्या आत आयुष्य काढलेल्या बाईला याहून मोठा प्रेमाचा प्रवेश दाखवूच नका.

त्या काळी अमेरिकेत लोकांना खायला नव्हतं म्हणतात. मग गर्भश्रीमंत पोरींचे लाड पडद्यावर दाखवणं हा गरिबांच्या जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार नव्हे काय?
— एक यंत्रमागवाला, इचलकरंजी

मीठ चोळायचं असतं तर गरिबांनी तिकिटं काढली नसती. माझे वडील सांगायचे, शाहूपुरीत गूळ विकून आलेली शेतकरी मंडळी पिटात बसली, की सगळ्यात मोठा हशा कधी? तर सुटाबुटातला शेठ चिखलात पडला की. 1929ला अमेरिकेचा शेअरबाजार कोसळल्यानंतरच्या या विनोदांमध्ये नेमकं तेच आहे. श्रीमंत घर बाहेरून झगझगीत आणि आत सगळे चक्रम.

तुम्ही 1936चा ‘माय मॅन गॉडफ्रे’ बघा. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांची एक पार्टी चालू आहे आणि खेळ असा की गावभर फिरून नको असलेल्या वस्तू गोळा करून आणायच्या. यादीत बकरी आहे आणि एक ‘विस्मरणात गेलेला माणूस’, म्हणजे बेकार, हेही आहे. दोन बहिणी उकिरड्यावर राहणाऱ्या गॉडफ्रेपाशी येतात. थोरली त्याला पाच डॉलर देऊ करते, तो तिला राखेच्या ढिगावर बसवतो. धाकटी मनानं भाबडी. तिच्यासाठी तो जातो, तिला जिंकून देतो आणि जमलेल्या सगळ्या शेठ लोकांना तोंडावर चार शब्द सुनावतो. मग ती त्याला घरात बटलर ठेवते आणि त्याच्या मागे लागते. मागे लागते म्हणजे अक्षरशः, जिन्यावरून, स्वयंपाकघरातून. ही धाकटी कॅरोल लोंबार्ड आणि तो विल्यम पॉवेल. खऱ्या आयुष्यात ही दोघं नवरा-बायको होती आणि 1933ला त्यांचा घटस्फोट झालेला होता. तरी तीन वर्षांनी एकत्र काम केलं आणि एवढं सुंदर केलं. अभिनयाच्या चारही गटांत ऑस्करचं नामांकन मिळालेला तो पहिला सिनेमा. मिळालं एकही नाही, ते सोडा.

आणखी एक कारण आहे. 1934च्या जुलैपासून तिकडे सेन्सॉरचे नियम कडक झाले. पलंग नको, लांबलचक चुंबन नको. मग प्रेम दाखवायचं कसं? भांडणातून. म्हणून ही माणसं एवढं बोलतात, एवढं पळतात, एवढी पडतात. आपल्याकडे सासूसमोर नवऱ्याशी बोलता यायचं नाही म्हणून भांड्यांचा आवाज करणाऱ्या बायका होत्या, त्यातलाच प्रकार.

मागच्या अंकात तुम्ही ‘चोरी चोरी’ ही त्या इंग्रजी सिनेमाची एकमेव हिंदी आवृत्ती असं लिहिलंत. 1991चा ‘दिल है के मानता नहीं’ विसरलात की काय? आम्ही कॉलेज बुडवून बघितला होता!
— मंगळवार पेठ

विसरले. कान धरले. आमिर खान, पूजा भट्ट, दिग्दर्शक महेश भट्ट. कॉलेज बुडवल्याचं घरी अजून कळलेलं नसेल तर हा अंक लपवून ठेवा.

कॅथरिन हेपबर्न मला फार उद्धट वाटते. तिच्यात लोक काय बघतात?
— एक वाचक, शाहूपुरी

तुम्हाला उद्धट वाटते कारण ती वाट बघत नाही. 1938च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’त ती श्रीमंत घरची अचाट पोरगी आहे. तिला हाडांचा अभ्यास करणारा एक सरळमार्गी प्रोफेसर, कॅरी ग्रँट, आवडतो. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न आहे, पण तेवढ्यानं ही हटत नाही. त्याला अडकवून ठेवायला तिच्याकडे कारण काय, तर पाळलेला बिबट्या! त्याचं नाव बेबी आणि तो प्रेमाचं एक गाणं म्हटलं की शांत होतो. आपल्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यामुळे कोल्हापूरकरांना जनावराचं अप्रूप नसेल, पण गाणं म्हणून त्याला छपरावरून उतरवायला बघणारी नायिका मात्र आपल्याकडे झाली नाही.

एक सांगते. आमच्या कोल्हापुरात पोरी ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात आणि पुण्याच्या सासरी गेल्यावर त्यावरून टोमणे खातात. बायका सर्रास विजार घालत नव्हत्या तेव्हा विजार घालून, लांब ढांगा टाकत चालणारी हेपबर्न मला तशीच वाटते. इथं जन्मली असती तर “चल, येतो गं” म्हणाली असती.

तो सिनेमा तेव्हा पडला. त्याच वर्षी थिएटरवाल्यांच्या एका संघटनेनं तिला ‘तिकीटबारीचं विष’ ठरवलं. बाईनं काय केलं? नाटकाकडे वळली. फिलिप बॅरीनं तिच्यासाठी लिहिलेलं ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ 1939ला रंगभूमीवर गाजवलं आणि सिनेमाचे हक्क आधीच आपल्या हातात ठेवले. ते हक्क तिला तिच्या धनाढ्य मित्रानं, उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसनं घेऊन दिले होते. एमजीएम कंपनी दारात आली तेव्हा तिनं अटी घातल्या. दिग्दर्शक माझा, सोबतचे नट माझ्या पसंतीचे. 1940चा तो सिनेमा धो धो चालला. पडद्यावरच्या वारसदारणींपेक्षा मला ही व्यवहाराला बसलेली बाई जास्त भारी वाटते.

पण तुमची नाराजी पूर्ण खोडून काढायला मी तयार नाही, ती वेगळ्या कारणासाठी. त्याच ‘फिलाडेल्फिया स्टोरी’त बाप बाहेर भानगड करून येतो आणि वर पोरीलाच ऐकवतो की तुझ्यात माया नाही म्हणून मी असा वागलो. आणि सिनेमा त्याचीच बाजू घेतो! आपल्याकडचा 1955चा ‘मिस्टर अँड मिसेस 55’ घ्या. वारसदार मधुबाला, ठरलेल्या मुदतीत लग्न केलं तर बापाचे 70 लाख मिळणार. गुरुदत्त बेकार व्यंगचित्रकार. दोघं फार गोड आहेत. पण बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी आत्या, आमच्या ललिता पवार, हिला असं हास्यास्पद करून टाकलंय की मला दर वेळी राग येतो. पोरीनं पळावं, भांडावं, सगळं करावं. फक्त शेवटी वाकावं, असा या सिनेमांचा एक छुपा करार असतो. हसता हसता तेवढा करार वाचत चला.

हे सगळं विलायती. मराठीत अशी नायिकाच नाही का?
— निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

गुरुजी, कापराच्या तेवीस वर्षं आधी होती! 1911चं खाडिलकरांचं ‘मानापमान’. श्रीमंताची भामिनी, गरीब पण शूर धैर्यधराला केवळ गरीब म्हणून झिडकारते. तोही मानी, ऐकून घेत नाही. मग हीच भामिनी दागदागिने उतरवून वनमाला नावाची साधी पोर होते आणि त्याच्या जवळ जाऊन त्याला पारखते. पारखता पारखता स्वतःच प्रेमात पडते. दुसरीकडे लक्ष्मीधर आहे, नावाप्रमाणे पैसेवाला आणि तितकाच भित्रा. श्रीमंत मुलगी, वेषांतर, भांडण, चुकीचा वर, बरोबर वर, सगळा ऐवज आहे. फक्त बस नाही आणि घोंगडी नाही. संगीत आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचं. 8 जुलै 1921ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी आणि कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह 2024च्या ऑगस्टमध्ये जळलं, त्या रात्री खासबागेकडून परतताना रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

सिनेमातलं म्हणाल तर 1952चा ‘लाखाची गोष्ट’. राजा परांजप्यांचं दिग्दर्शन, माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडक्यांचं संगीत. इथे हिशेब उलटा आहे. मुलीचा बाप प्रियकराला म्हणत नाही की कमावून दाखव. म्हणतो, एका महिन्यात एक लाख रुपये खर्चून दाखव! 1952चे एक लाख. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनातल्या मनात दिवसाला किती पडतात याचा भागाकार करत बसले होते, त्यामुळे ‘त्या तिथे पलिकडे’ गाणं अर्धं हुकलं.

आणि नायकाच्या मागे धावणारी मुलगी हवी असेल तर आपल्याच गावच्या हंस पिक्चर्सचा 1938चा ‘ब्रह्मचारी’. मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, लेखन अत्र्यांचं. नायकानं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलंय आणि मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हणत त्या व्रताची परीक्षा बघते. केवढा गहजब झाला म्हणतात. माझी आजी तो सिनेमा बघून आल्याचं घरात कुणी कबूल करत नव्हतं, पण गाणं तिला सगळं पाठ होतं.

ताई, हे सिनेमाबद्दल नाही, तरी विचारते. माझ्या वडिलांची फाउंड्री आहे, मी तिथलंच काम बघते. मला आवडणारा मुलगा शाळेत शिक्षक आहे. आम्ही कुठेही खाल्लं आणि बिल मी दिलं, की घरी पोचायच्या आत त्याचा हिस्सा माझ्या फोनवर येतो. परवा मिसळीचे 83 रुपये 50 पैसे आले. मैत्रिणी म्हणतात, हा चिकट आहे, पुढं जड जाईल. वडिलांना अजून काही बोललेले नाही.
— तुमचीच एक वाचक, कोल्हापूर

बाळ, हे सिनेमाबद्दलच आहे.

1958चा ‘चलती का नाम गाड़ी’ आठव. भर पावसात मधुबालाची गाडी बंद पडते. किशोरकुमार रात्री ती दुरुस्त करून देतो आणि मजुरीचे पैसे द्यायचे राहून जातात. पाच रुपये बारा आणे. त्या पैशांसाठी हा तिच्या मागे मागे फिरतो, गाणं म्हणतो. गंमत बघ, नवे पैसे 1957च्या एप्रिलमध्येच आले होते. हिशेबाप्रमाणे पाच रुपये पंचाहत्तर नवे पैसे म्हणायला हवं होतं, पण लोकांच्या जिभेवर आणेच होते, आमच्या बँकेतसुद्धा म्हातारे गिऱ्हाईक कितीतरी वर्षं आण्यांत बोलायचे. तर, त्या श्रीमंत पोरीला पाच रुपये म्हणजे काहीच नव्हे. त्याला ते पाच रुपयेच होते. तिच्याकडून भीक नको आणि तिला माफी पण नको. वडील या प्रवेशाला दाराशी टॉर्च बंद करून उभे राहायचे. एकदा म्हणाले, “पैसं मागतोय असं वाटतंय व्हय तुला? भेटायला निमित्त मागतोय त्यो.”

चिकट माणसं मी हजारोंनी पाहिली. चिकट माणूस आपले पैसे मोजतो. दुसऱ्याचे पैसे पन्नास पैशांपर्यंत मोजून परत करणारा चिकट नव्हे, बाळ. त्याच्या डोक्यात तू फाउंड्रीवाल्याची लेक नसून समोर बसून मिसळीवर कट मागून घेणारी बाई आहेस, निदान तसं ठेवायची त्याची धडपड आहे. मैत्रिणींना हे सांग.

पण मी त्याची वकिली पुरती करणार नाही. गेबलची एक चूक तुला सांगायची राहिली. प्रेम जमल्यावर तो रात्रीत एलीला झोपेत सोडून निघून जातो. कशासाठी? तर बातमी विकून 1,000 डॉलर आणायला, कारण खिसा रिकामा असताना लग्नाचं विचारायचं त्याच्या मानात बसत नाही. तिला सांगत नाही. सकाळी ती उठते, माणूस गायब, आणि ती समजते की टाकून गेला. हिशेबी स्वाभिमान हा फार चांगला, पण तो एकट्यानं करायचा हिशेब नव्हे. म्हणून त्याला सरळ विचार, हे 83 रुपये तू मला परत करतोस, की माझ्या वडिलांना? त्यानं थोडा वेळ घेतला तर घेऊ दे.

त्याची आणखी एक परीक्षा घेऊ शकतेस. 1953च्या ‘रोमन हॉलिडे’त ऑड्री हेपबर्नची राजकन्या पळून येते आणि ग्रेगरी पेककडून उसने पैसे घेते, हजार लिरा. तिला वाटतं, केवढी रक्कम! ते दीडेक डॉलर असतात. तेवढ्यात ती केस कापून घेते, आइस्क्रीम खाते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर कुणाचं तरी देणं होतं आणि तिचा चेहरा बघ तेव्हाचा. तूही एकदा पर्स घरी विसर. खरंच विसर, नाटक नको. त्याला पूर्ण बिल देऊ दे आणि तू लगेच फोन काढून अर्धे पाठवू नकोस. तुला ते जमतंय का तेही कळेल.

वडिलांचं म्हणशील, तर या सगळ्या सिनेमांत बापाला आपण उगाच खलनायक समजतो. एलीचा बाप तिला हात धरून मांडवात नेता नेता कानात सांगतो की मागच्या दाराला गाडी उभी आहे, पळायचं तर पळ. बापांना हिशेब कळतो. विशेषतः फाउंड्री चालवणाऱ्यांना. भाषण नको, ओळख नको. एका रविवारी सकाळी तिघं मिसळ खायला जा. समजा बिल 250 झालं, तर प्रत्येकी 83 आणि वर एक रुपया उरतो. तो रुपया कोणी दिला ते मला पत्रानं कळव.